भाडेकरूची बोली

ढोलावर स्वतःचं नाव ऐकण्याची वेळ तोताराम नेहेत्यावर आली ती फाल्गुनातल्या एका दुपारी. साक्री तालुक्यात अकरा दिवस फिरून, गावोगावच्या पोरांना देवी टोचून तो धुळ्याला परतत होता. खांद्याला लसीची पेटी, धुळीनं पांढऱ्या पडलेल्या वहाणा, आणि डोक्यात एकच गोष्ट, आपल्या खोलीतल्या माठाचं पाणी. गल्लीच्या तोंडाशीच त्याला दिसलं की पुखराजशेटच्या दारात दोन माणसं उभी आहेत. एकाच्या गळ्यात ढोल होता; दुसरा कोर्टाचा बेलीफ. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. ढोलवाल्यानं उन्हाला कंटाळून तीन टोले दिले, "आयका हो बठ्ठा," म्हणजे सगळे ऐका, असं भिंतीला सांगितल्यासारखं म्हटलं आणि तो सावलीला सरला. बेलीफ तोंडातल्या तोंडात कागद वाचू लागला. पूर्वेस सरकारी रस्ता, दक्षिणेस बोळ, या चतुःसीमेतलं घर गहाणाच्या हुकूमनाम्यावरून महिन्याभरानं कोर्टाच्या आवारात जाहीर लिलावानं विकलं जाईल. घरावर बोजा येणेप्रमाणे : पुढच्या खोलीत भाडेकरू, तोताराम चुडामण नेहेते. मग त्यानं दाराच्या चौकटीशेजारी खळ लावून कागद डकवला, तळहातानं दाबला आणि तोतारामकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं.

खोलीत येऊन तोताराम दोन तांबे पाणी प्यायला. घर जाणार याचं त्याला त्या क्षणी काही वाटलं नाही, आणि वाटलं नाही याचंच पुढं त्याला नवल वाटलं. त्याला लागला तो बोजा हा शब्द. एकोणीस वर्षं तो नोकरीत होता, आणि एकोणीस वर्षं लोकांच्या ओट्यांवर बसत होता. तो गावात शिरला की बायका पोरांना काखोटीला मारून मागल्या दारानं शेतात पळत. पोलीस पाटील हाका मारून थकला की मग एखादं दार बोटभर उघडे, आणि त्या फटीतून त्याच्याकडे पाहणारा डोळा नेहमी एकच असे, कुठल्याही गावात. फैजपूरला वडिलांचं घर थोरल्या भावाकडे होतं. तिथल्या मागच्या पडवीत त्याची बायको वच्छलाबाई राहायची, भावजयीच्या चुलीवर आपली भाकर थापायची, आणि तो गेला की दर खेपेला एकदाच विचारायची, आपलं कधी होईल. मूलबाळ नव्हतं. पोस्टात थोडे पैसे साठत होते. नऊ वर्षांपूर्वी पुखराजशेटनं ही खोली दिली तेव्हा जात विचारली, पगार विचारला, आणि धंदा ऐकल्यावर हसून म्हणाला की देवीला घाबरणारे दुसरे, आम्ही नाही. एका पावसाळ्यात तोताराम हिवतापानं फणफणला होता तेव्हा मधलं दार उघडून शेटची पोर प्रेमकुंवर बाजरीची राबडी घेऊन आली होती. तिच्या आईनं, धापूबाईनं, ती पाठवली होती. धापूबाईला त्यानं नऊ वर्षांत घुंगटाशिवाय पाहिलं नव्हतं. तिचा आवाज त्याला ठाऊक होता तो भिंतीपलीकडचा. असं असून त्या माणसांच्या घरावर आपण बोजा आहोत, हे तीन टोले देऊन सांगितलं गेलं होतं आणि ते कायद्यानं खरं होतं.

संध्याकाळी पुखराजशेट त्याच्या खोलीत आला, पहिल्यांदाच त्याच्या बाजेवर बसला. कापसाच्या दलालीत त्याचे दोन हंगाम बुडाले होते, हे गावाला माहीत होतं. तो शांतपणे समजावून सांगू लागला, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट. गहाण घेणारी पेढी परगावची. तिला घर नको, वसुली हवी. स्वतः बोली लावायची तर तिला कोर्टाची परवानगी लागते आणि ती तिनं मागितलेली नाही. लिलाव कोर्टाचा नाझर करतो. ज्याची बोली वरचढ त्यानं चौथाई रक्कम तिथंच मोजायची, उरलेली पंधरा दिवसांत भरायची. त्यानंतरही महिनाभर मूळ मालकाला वाव असतो. नाही जमलं तर विक्री कायम. "बाजारात बोलून झालंय, डॉक्टरसाब," तो म्हणाला. "गावातलं कोणी बोली लावणार नाही. माझा मेहुणा लखीचंद जळगावहून येईल, थोडक्यात घेईल. घर घरातच राहील. तुमची खोलीही तुमचीच." उठता उठता तो थांबला, दाराच्या कडीशी चाळा करत म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही फिरतीवरच असाल, बहुतेक."

बहुतेक, असं तोतारामही म्हणाला होता. हंगामाची शेवटची फेरी शिरपूरकडे होती आणि ती त्यानं चार दिवस पुढं ढकलली. का ढकलली हे त्यानं स्वतःला विचारलं नाही. पोस्टातून पैसे काढले ते फैजपूरला आईच्या वर्षश्राद्धाला पाठवायचे म्हणून. श्राद्धाला अडीच महिने होते. लिलावाच्या सकाळी पैसे रुमालात बांधून कमरेला लावले, कारण खोलीत ठेवणं बरं नव्हतं. बघायला जाऊ, असं तो चालता चालता म्हणत होता. आपलं नाव आहे त्या कागदावर, बघायला हरकत कसली. कोर्टाच्या ओसरीत पंधरावीस व्यापारी होते, पगड्या नीट बांधलेल्या, हात मागं, माना किंचित खाली, मयताला आल्यासारखे. पुखराजशेट खांबाशी उभा होता. नाझरानं चतुःसीमा वाचली, बोजा वाचला, आणि बोली मागितली. कोणी बोललं नाही. ओसरीच्या तुळईवर पारवे घुमत होते तेवढाच आवाज. शेवटी लखीचंदनं, पानानं लाल झालेल्या ओठांच्या त्या गोऱ्या जाडसर माणसानं, सहाशे म्हटलं. नाझर म्हणाला सहाशे एक वार. पुन्हा शांतता. ती शांतता तोतारामच्या ओळखीची होती. प्रत्येक गावात तो शिरल्यावर जी पडायची तीच ही. सगळ्यांनी मिळून ठरवलेली, आणि ज्याच्यावाचून ठरवलेली तो मध्ये उभा. दोन वार, नाझर म्हणाला, आणि मग साडेसहाशे हा शब्द ओसरीत कोणीतरी उच्चारला. आवाज बसका होता, गावातल्या पोलीस पाटलाला लोकांची दारं उघडवायला सांगताना निघतो तसा. तो आपला आहे हे तोतारामला लोकांच्या माना वळल्या तेव्हा कळलं.

लखीचंद सातशेवर गेला, आठशेवर गेला. प्रत्येक वेळी तो आधी पुखराजशेटकडे बघे आणि पुखराजशेट समोर बघे. साडेआठशेला तो थांबला. तोतारामच्या नऊशेवर नाझरानं तीन वार म्हटलं आणि कारकुनानं चौथाई मागितली. तोतारामनं सदऱ्याखाली हात घातला. रुमालाची गाठ घामानं घट्ट बसली होती, बोटांनी सुटेना, मग दातांनी सोडवावी लागली. त्या वेळात कोणी हललं नाही. पुखराजशेट त्या गाठीकडे बघत होता. बोली ऐकून नव्हे, पैसे बांधून आणलेले पाहून त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी विझल्यासारखं झालं. आणि तोतारामला वाटलं की आपण ओरडून सांगावं, हे श्राद्धाचे आहेत. कारकून पावती लिहिता लिहिता म्हणाला की बोली वाढली म्हणजे त्या शेटजींचं देणं तेवढं फिटलं, एका अर्थी तुम्ही उपकारच केलात. हे वाक्य तोतारामनं पुढं कितीतरी दिवस खिशातल्या पावतीसारखं जवळ बाळगलं. दिवसातून दहादा काढून बघे. हिशेबात ते बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी लखीचंद खोलीवर आला. तो रागावला नव्हता. त्यानं एक साधी वाट सांगितली : उरलेली रक्कम पंधरा दिवसांत भरूच नका. तुमची चौथाई कोर्टात बुडेल, फेरलिलाव होईल; बुडालेलं आम्ही भरून देऊ, वर शंभर. तोताराम म्हणाला, विचार करतो. आणि खरंच तो विचार करत होता. चौदा दिवस त्यानं दुसरं काही केलं नाही. फैजपूरला पत्र टाकलं त्यात वच्छलाबाईला काही कळवलं नाही, फक्त तिचे गोठ आणि पाटल्या मागवल्या. भावानं त्या मोडून पैसे आणून दिले, आणि वच्छलाबाईचा निरोप सांगितला की चौकात तुळशीला जागा आहे का तेवढं विचारा. तिनं ओळखलं होतं. चौदाव्या दिवशी तो कोर्टात जाऊन रक्कम भरून आला. परत येताना त्याला भूक लागली आणि त्यानं भजी खाल्ली. आपल्याला भूक लागली याची त्याला लाज वाटली.

मग सुरू झाला तो महिना. कायदा असा होता की तेवढ्या मुदतीत पुखराजशेटनं पेढीची सगळी रक्कम कोर्टात भरली, आणि घेणाऱ्यासाठी म्हणून शेकडा पाच वर भरले, तर विक्री रद्द; घर पुन्हा त्याचं. तोपर्यंत तोताराम भाडेकरूही होता आणि मालकही. पहिल्या तारखेला भाडं द्यावं की न द्यावं हे त्याला कळेना. नेहमीप्रमाणे तो पैसे घेऊन ओसरीवर गेला. पुखराजशेटनं ते मोजले, वहीत लिहिलं, पावती फाडून दिली आणि विचारलं, उन्हाचा फार त्रास होतो का खोलीत. तोताराम खोलीत येऊन बसला आणि वरच्या तुळयांकडे पाहू लागला. नऊ वर्षांत त्यानं त्या तुळया मोजल्या नव्हत्या. आता तो भिंतीवर टिचक्या मारून पाही, कौलांत कुठं फट आहे ते टिपून ठेवी, पलीकडे आदळलेल्या दाराचा आवाज आला की मनात म्हणे, सावकाश लावा, बिजागरी जाईल. असं म्हटल्यावर तो दचके. पुखराजशेट पैशासाठी जळगावला, पाचोऱ्याला, कुठं कुठं जात होता. तो सकाळी पिशवी घेऊन निघाला की तोतारामची भाकर टोपलीतच राही, आणि तो संध्याकाळी पाय ओढत परत आला की त्या पावलांवरून तोताराम ओळखे, मिळाले नाहीत. आणि मग तो जेवायला बसे. एका मंगळवारी तो नदीपलीकडे एकवीरेच्या देवळात गेला, हात जोडले, डोळे मिटले, आणि त्याच्या ध्यानात आलं की आपण देवीजवळ काय मागायला आलो आहोत. त्यानं घाईनं नारळ फोडला, मागणं न मागता. पण मागितलं गेलं होतं.

रक्कम जमली नाही. मुदत संपायच्या आदल्या दिवशी पुखराजशेटच्या वकिलानं अर्ज टाकला की दवंडी पिटलीच गेली नाही, जाहीरनामा घराला लागलाच नाही, म्हणून गिऱ्हाईक आलं नाही आणि घर मातीमोल गेलं. लिलाव रद्द व्हावा. उन्हाळ्याची सुटी संपल्यावर सुनावणी लागली. गल्लीतल्या पाच जणांनी शपथेवर सांगितलं की आम्ही ढोल ऐकला नाही. ते खोटं बोलत नव्हते. त्या दुपारी ते झोपले होते. बेलीफाचा शेरा होता, पण बेलीफ हॉटेलात बसून शेरे लिहितात हे न्यायाधीशांनाही ठाऊक होतं. ऐकणारा एकच माणूस होता. त्याच्या जबानीच्या दिवशी सकाळी तोताराम चौकातल्या विहिरीवर पाणी काढत असताना मधल्या दारामागून आवाज आला. घुंगटाची कड तेवढी दिसत होती.

"डॉक्टरसाब," धापूबाई म्हणाली, "त्या दिवशी मी आत पापड लाटत होते. ढोल मला ऐकू आला. तीन टोले. पण मी बाई, मला कोण विचारतो." बादली काठावर टेकवून तो उभा राहिला. "आज तुम्हाला विचारतील," ती म्हणाली. मग कड दिसेनाशी झाली.

कोर्टाच्या पायऱ्या चढताना त्याच्यापुढं तिसराही रस्ता होता : आठवत नाही म्हणावं. अकरा दिवसांची फिरती, ऊन, थकवा. कोणी दोष दिला नसता. शपथ घेताना त्याला स्वच्छ दिसलं की हे घर आपण घेतलं नसतं तर आपण खोटं बोललो असतो, आनंदानं बोललो असतो, आणि रात्री शांत झोपलो असतो. खरं बोलण्याची त्याला आयुष्यात कधी इतकी शरम वाटली नव्हती.

"ढोल वाजला होता?" वकिलानं विचारलं.

"वाजला होता."

"किती वेळ?"

"तीन टोले. पण वाजला. कागदही लावला. माझ्या डोळ्यांदेखत."

पुखराजशेट मागच्या बाकावर होता. त्यानं मान हलवली, एखाद्या मुनिमानं बेरीज बरोबर सांगितल्यावर हलवावी तशी. न्यायाधीशांनी अर्ज फेटाळला, विक्री कायम झाली, शिक्क्याचं सर्टिफिकेट मिळालं. श्रावणात बेलीफ ताबा द्यायला आला तेव्हा सामान आधीच बांधून झालं होतं. घर सोडून जाणाऱ्यांनी कांगावा केला तर कुलूप तोडायचे हुकूम असतात, ते वापरावे लागले नाहीत. प्रेमकुंवरनं जाता जाता विहिरीवरची कळशी उचलली आणि मग ती कोणाची ठरली आहे हे न कळून खाली ठेवली. तोताराम घे म्हणाला. ती आईकडे बघून तशीच टांग्यात जाऊन बसली. पुखराजशेटनं मात्र त्याला घरभर फिरवलं. माळ्याची शिडी कुठं धरायची, कोणत्या खिडकीचा गज हलतो, मोरीचं पाणी कुठं मुरतं, सगळं दाखवलं, आणि बेलीफाच्या कागदावर सही केली. आठवड्यानं वच्छलाबाई फैजपूरहून आली. तिनं घर सारवलं, चौकात तुळस लावली, कोऱ्या चुलीवर पुरण शिजवलं आणि गल्लीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. संध्याकाळी ती ताट घेऊन दारात बसली होती, दिवेलागणीनंतर उठली. "काबरं हो, मह्या हातून कोनी कुंकू काबरं नाही लावून घेतलं?" तिनं विचारलं. त्यानं सांगितलं की मारवाडी वस्ती आहे, त्यांचे रिवाज वेगळे. ती मुकाट्यानं पुरणपोळ्या कापडात बांधू लागली. त्यानंतर तिनं कधी कोणाला बोलावलं नाही. घर मोठं होतं आणि ती त्यात हळू आवाजात बोलायला शिकली.

तीन वर्षांनी तोतारामनं बदली मागून घेतली, पूर्व खानदेशात. घर वच्छलाबाईच्या हवाली होतं. पाचोऱ्याला त्या हिवाळ्यात देवीची साथ होती, आणि म्युनिसिपालिटीची जन्माची यादी घेऊन तो शिपायाबरोबर घरोघर फिरत होता. स्टेशनामागच्या रस्त्यावर सुतळी आणि जुन्या पोत्यांचं एक दुकान लागलं. पोत्यांच्या थप्पीशी पुखराजशेट बसला होता. केस पांढरे झाले होते, आवाज तोच होता. "या डॉक्टरसाब, बसा," तो म्हणाला आणि पाणी मागवलं. पाणी आलं नाही. यादीत त्या घरी सहा महिन्यांचा मुलगा होता, लेकीचा. प्रेमकुंवर पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती. पडद्यामागं मूल रडत होतं आणि कोणीतरी त्याला छातीशी दाबून गप्प करत होतं.

"पोर परवाच सासरी गेली," पुखराजशेट म्हणाला. "मुलाला घेऊन."

शिपाई पडद्याकडे बघून म्हणाला, आत रडतंय की साहेब. शहरात टोचून घेणं सक्तीचं होतं. कायदा तोतारामच्या बाजूनं होता, पडदा बाजूला सारायला एक शब्द पुरला असता. त्याच रस्त्यावर चार घरं सोडून सकाळीच एक पोर देवीनं गेलं होतं. पडद्याखाली त्याला पायांची बोटं दिसत होती, चांदीच्या जोडव्यांची, आणि ती मागं सरत नव्हती.

"शेजारचं असेल," तोताराम म्हणाला, आणि त्यानं यादीत लिहिलं, मूल गावी नाही. आजवरच्या नोकरीतली ही त्याची पहिली खोटी नोंद. अक्षर नीट आलं.

धर्मशाळेतल्या मुक्कामावर येऊन त्यानं चाळीसगावचा टोचणारा, त्याचा जुना सोबती धनसिंग याला पत्र लिहिलं की रजा काढून ये, भाडं मी देतो, एका घरी जायचं आहे, माझं नाव काढू नकोस. पत्र पोचून धनसिंग येईपर्यंत पाच दिवस गेले. त्या पाच दिवसांत तोताराम रोज मसणवटीकडच्या रस्त्याला जाऊन उभा राही आणि लहान तिरडी दिसली की मागच्या माणसांचे चेहरे बघे. सहाव्या दिवशी धनसिंग पेटी घेऊन गेला, तासाभरात परतला. धर्मशाळेच्या ओट्यावर बसून पाय दाबत म्हणाला, झालं काम, पोरगं गुटगुटीत आहे, दंडावर दोन ठिकाणी टोचलं, बाईनं स्वतः हात धरून ठेवला. चांगली माणसं. केशर घालून दूध दिलं.

"आणखी काही म्हणाल्या?" तोतारामनं विचारलं.

"काही नाही." धनसिंगनं आठवून पाहिलं. "मीच विचारलं, एवढी साथ चालू आहे, याआधी कोणी टोचणारा आला नव्हता का. तर बाई म्हणाल्या, नाही. कोणी आलं नव्हतं."

तोतारामनं यादी काढली, आपली नोंद खोडली, आणि तिच्यापुढं धनसिंगचं नाव लिहून ती त्याच्याकडे सहीसाठी सरकवली.